दक्षिणेला निघालेलं यान

अंतराळात दक्षिण दिशा नसते. हे साधं वाक्य मला खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या रिसेप्शनमध्ये, परांचीवर उभं राहून, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांना मोठ्या आवाजात सांगावं लागलं. त्यांतल्या एकालाही ते पटलं नाही. इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही, आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

राग कळायचा तर आधी ते यान कळायला हवं. यान माझ्या बाबांचं होतं.

बाबा कमर्शियल आर्टिस्ट. पाठ्यपुस्तकांतली चित्रं, साबणांची वेष्टनं, लग्नपत्रिका, पोटासाठी जे मिळेल ते त्यांनी काढलं. जीव मात्र दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथांवर. उन्हाळा संपत आला की संपादकांचे निरोप यायला लागत आणि बाबा टेबल आवरून बसत. गोष्ट कोणतीही असो, लेखक कोणीही असो, ते यान एकच काढत: पृथ्वी सोडून दुसऱ्या ग्रहावर कायमच्या राहायला निघालेल्या माणसांचं. दर वर्षी त्याचं बांधकाम थोडं पुढे सरकायचं. एका वर्षी शाळा आली, एका वर्षी शेतं. 'रॉकेटने माणूस जाऊन येतो,' ते म्हणत. 'राहायला जायचं तर गाव न्यावं लागतं.' म्हणून त्यांच्या यानात पिठाची गिरणी होती आणि कपडे वाळत घालायची एक लांबच लांब गॅलरीही होती. परदेशी मासिकांतली गुळगुळीत यानं पाहिली की ते वैतागत. एवढी माणसं निघाली आहेत आणि एकालाही धुतलेला सदरा वाळवायचा नाही का, असं विचारत. व्याख्यानांसाठी एक सभागृहही होतं. हे कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, 'पुण्याचे लोक असतील की थोडेफार.'

असलं अवाढव्य काही कागदावर मोठं दिसायला लावणं सोपं नसतं. नवशिका यान कागदभर काढतो आणि ते टॉर्चएवढं दिसतं. बाबांचं म्हणणं, मोठं दाखवायचं असेल तर त्याच्यावरचं लहान नीट काढ. खिडक्या सुईच्या टोकाएवढ्या, आणि सगळ्यांत उजेड नाही, कारण काही लोक झोपलेले असणार. गोलाई इतकी सावकाश की डोळ्याला सरळच वाटावी. बाजूने यानातली माणसं ने-आण करणारी एक चिमुकली होडी जातेय आणि तिची सावली यानाच्या अंगावर पडलीय. दूरचा डोंगर आपण धूसर करतो, तसं यानाचं लांबचं टोक त्यांनी कधीच धूसर केलं नाही. हवाच नाही तर धुकं कशाचं, हा त्यांचा प्रश्न. यानाच्या पाठीवरच्या बारीकसारीक खाचाखोचांसाठी ते बुधवार पेठेतून बिघडलेल्या रेडिओंच्या आतल्या सर्किटच्या पट्ट्या आणत, टेबलावर दिवा तिरका धरत आणि त्यांच्या सावल्या काढत. तिथल्या दुकानदाराची समजूत अशी होती, की हे गृहस्थ घरी रेडिओ दुरुस्त करतात आणि त्यांना ते अजिबात जमत नाही.

मला चित्रकला त्यांनीच शिकवली. शिकवली म्हणजे चुका दाखवल्या. बरोबर आलेल्या भागावर त्यांची नजर ठरायचीच नाही. ती सरळ जाऊन चुकलेल्या रेषेवर बसायची. मी कॉलेजात पहिली आले तेव्हा त्यांनी माझं बक्षिसाचं चित्र हातात घेऊन म्हटलं होतं, 'घोड्याचा मागचा पाय उसना आणलाय.' आणि तो खरंच तसा दिसत होता. तोंडभर कौतुक हा प्रकार आमच्या घरी पाहुण्यांच्या मुलांसाठी राखून ठेवलेला असे.

आता संपादकांविषयी. ही थोर, सुसंस्कृत मंडळी. अग्रलेखात विज्ञाननिष्ठा, आणि मुखपृष्ठाचं चित्र हातात घेतल्यावर पहिला प्रश्न: 'बाई कुठाय?' दिवाळी अंकावर बाई हवी. पैठणी नेसलेली, कानांत कुड्या, हातात पणती. मग अंक विज्ञानकथांचा असो, नाहीतर भुताखेतांचा. बाबा निमूटपणे बाई काढत. तिचा अंबाडा नेमका शेतांवर यायचा, पणतीची ज्योत शाळेवर. यानाच्या उरलेल्या नाकावर अंकाचं नाव छापलं जायचं. गाव घेऊन निघालेलं ते यान जन्मभर एका अनोळखी बाईच्या खांद्यामागून डोकावत राहिलं. ते सबंध, त्याच्या मापाचं, मधे कोणी नसताना बाबांनी एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही, पण अंक घरी आला की मुखपृष्ठ ते तळहाताने झाकून बघत. बाईवर हात ठेवून.

मग नव्वदनंतर बाजार उघडला आणि पुण्याला घाई सुटली. मासिकांकडे कॉम्प्युटर आले. तयार यानांच्या सीड्या मिळायला लागल्या. एक बटण दाबलं की यान, दुसरं दाबलं की बाई. बाबांचे निरोप यायचे थांबले. मी तेव्हा मोठमोठी होर्डिंगं रंगवत होते आणि नाव कमावत होते, तेवढ्यात फ्लेक्स आला आणि वर्षा-दोन वर्षांत आमच्या सगळ्या धंद्यावर पाणी फिरलं. आई गेल्यावर आम्ही पेठेतली भाड्याची जागा सोडून वारज्यात छोटा फ्लॅट घेतला होता. तिथे मी मुलांचे चित्रकलेचे वर्ग घ्यायला लागले. पालकांची अपेक्षा एवढीच, की पोरगं परीक्षेच्या चित्रात नापास होऊ नये. मी हसतमुखाने शिकवायचे आणि आतून धुमसायचे.

त्यातच बाबांना काचबिंदू निघाला. उशिरा निघाला. नजर कडेकडेने मरत मधोमध येत होती. ते म्हणाले, नळीतून बघितल्यासारखं दिसतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, उरलीय तेवढी राखायची. ती किती दिवस राखता येईल, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

अशात खराडीहून फोन आला. बोलणारे गृहस्थ बरीच वर्षं अमेरिकेत राहून परतले होते आणि आता इथे त्यांची सॉफ्टवेअरची कंपनी होती. सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून मीही सर म्हणते. लहानपणी त्यांनी बाबांचं एक मुखपृष्ठ कात्रीने कापून कपाटाला आतून चिकटवलं होतं. 'त्या बाईला कापून टाकलं होतं मी,' ते हसत म्हणाले. 'फक्त स्पेसशिप ठेवलं.' हे ऐकलं आणि मला ते गृहस्थ मनापासून आवडले. पुढे जे झालं त्याचा राग जास्त येतो तो यामुळेच. मुळात गाढव असलेल्या माणसावर कोण एवढं चिडेल?

त्यांना नव्या ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये तेच यान भिंतभर हवं होतं. फ्लेक्स नको, हाताने रंगवलेलं. भिंत दोन मजले उंच आणि समोर मोकळी जागा. मी पाहिली आणि पावलांनी तिची लांबी मोजली. घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, 'बाई?' मी म्हटलं, 'नाही. बाई नाही.' ते उठले आणि ट्रंकेतून जुन्या आराखड्यांच्या गुंडाळ्या काढायला लागले.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी वारज्याला परतले की बाबा जेवणाआधी दिवसभराचा हिशोब घेत. कुठवर आलं? गिरणी झाली? गॅलरीतल्या दोऱ्यांना झोळ दिलास का? वजन नसताना झोळ कसा येईल, असं मी विचारलं तर त्यांनी मला यान स्वतःभोवती कसं फिरतं आणि त्याने वजन कसं येतं, हे भाताच्या पातेल्यातली पळी फिरवून समजावलं. भिंत बघायला चला, म्हटलं की नको म्हणत. अपुरं काम बघायचं नाही, दाखवायचंही नाही, हा त्यांचा जुना हट्ट. 'संपलं की ने,' एवढंच म्हणत. डॉक्टरांची पुढची तारीख जवळ येत होती आणि नळी बारीक होत चालली होती. मी दिवसभर परांचीवरून खाली उतरत नव्हते. मला ते यान त्यांना दाखवायचं होतं. दुसरं काहीही, मजुरी, नाव, काहीही माझ्या डोक्यात नव्हतं.

यान डावीकडून उजवीकडे निघालं होतं. उजव्या टोकाला, वरच्या बाजूला, तांबूस ग्रह. यानाचं नाक त्याच्याकडे, शेपटीशी निळसर पांढरा जाळ. तिथला वॉचमन, पन्नाशीतला माणूस, दुपारी डबा खायला माझ्या परांचीखाली बसायचा. एकदा त्याने विचारलं, 'कुठं चाललंय म्हनायचं हे?' मी म्हटलं, दुसऱ्या ग्रहावर, राहायला. त्याने घास संपवला. 'तिथं कुनाची जमीन हाय का बघितलं का पन?' म्हणाला आणि ऑफिसच्या मागच्या बाजूला मान वळवली, जिथे पूर्वी त्याच्या वडलांचा मळा होता. मी हसले नाही. त्यालाही मी हसावं असं वाटत नव्हतं.

काम संपायला आलं. नाकाजवळच्या काही खिडक्या आणि शेवटचा हात एवढंच उरलं होतं. त्याच आठवड्यात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. उरलेली नजर टिकावी म्हणून. पट्टी निघाली की थेट खराडी, असं आमचं ठरलं. आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सर एका गृहस्थांना घेऊन रिसेप्शनमध्ये आले. पांढरा सफारी, बोटांत अंगठ्या, हातात होकायंत्र. वास्तुतज्ज्ञ.

त्या वर्षांत पुण्यात वास्तूची साथच आली होती. लोक संडास फोडून दुसरीकडे बांधत होते. अमेरिकेच्या बँकांचे हिशोब सांभाळणाऱ्या कंपन्या आपल्या ऑफिसात पाण्याचा पिंप कुठे ठेवायचा हे या मंडळींना विचारून ठरवत होत्या. तज्ज्ञांनी होकायंत्र भिंतीसमोर धरलं, मान हलवली, आणि माझ्याकडे न बघता सरांना म्हणाले, 'यान दक्षिणेला चाललंय.'

भिंत पूर्वेची. तिच्याकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला दक्षिण येते, हे खरं होतं. 'दक्षिण म्हणजे यमाची दिशा,' ते म्हणाले. 'कंपनीचं सगळं तोंड त्या दिशेला. चालणार नाही.'

मी वरून म्हटलं, 'अहो, अंतराळात दक्षिण नसते.'

त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. 'अंतराळात नसेल, मॅडम. खराडीत आहे.'

आजूबाजूचे हसले. सरही हसले. उत्तर म्हणून ते चोख होतं, हे मलाही मान्य आहे. मीच दिलं असतं तर आयुष्यभर मिरवलं असतं. पण मी ब्रश हातात तसाच धरून परांचीवरून उतरले. सरांना म्हटलं, तुम्ही इंजिनीअर आहात, यानाला दिशा कसली, हे तुम्हाला मी सांगायचं का? ते अगदी नम्रपणे म्हणाले, 'माझा स्वतःचा विश्वास नाही हो. पण इन्व्हेस्टर्स आहेत, घरचे आहेत. रिस्क कशाला?' विश्वास नसलेल्या माणसाची ही नम्रता मला विश्वास असलेल्याच्या अंगठ्यांपेक्षा जास्त घाण वाटली. अजून वाटते.

सगळं यान उलटं रंगवायला वेळ नव्हता, उद्घाटनाचा मुहूर्त निघाला होता. तोडगाही तज्ज्ञांनीच काढला. मागचा जाळ पुसायचा आणि तो पुढे काढायचा. म्हणजे यान उत्तरेकडे चाललं. उत्तर कुबेराची. झालं.

'म्हणजे एवढी माणसं पाठमोरी चालली?' मी विचारलं.

'आत बसलेल्याला काय कळतंय?' ते म्हणाले.

'आणि हा ग्रह?'

'तो पृथ्वी समजा. मागे राहिलेली.' आणि जाता जाता, 'जाळ केशरी घ्या. शुभ असतो.'

मी नाही म्हणाले. सरळ, तोंडावर. ब्रश धुतले आणि घरी निघाले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मुलीचा फोन आला. 'मॅम, सर म्हणतायत, तुम्हाला टाइम नसेल तर नो इश्यूज. आम्ही फ्लेम्सचा फ्लेक्स प्रिंट करून पेस्ट करून घेऊ. साइझ काय द्यायचा, तेवढं सांगता का?' तिचा काही दोष नव्हता. बिचारी माझ्याच जखमेचं माप मला विचारत होती.

मी सरांना फोन करून अक्षरशः विनवलं. पट्टी निघेपर्यंत थांबा. माझ्या वडलांना एकदा भिंत आहे तशी बघू द्या, मग तुम्ही तिथे बैल चिकटवा. ते म्हणाले, 'आय अंडरस्टँड. पण मुहूर्त आहे ना. काकांना उद्घाटनाला आणा की, गाडी पाठवतो.' पट्टी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी निघणार होती. म्हणजे बाबा बघणार ते फ्लेक्स चिकटवलेलं यान. आयुष्यभर बाई, आणि शेवटी फ्लेक्स.

म्हणून मी परत गेले. फक्त म्हणून. जाळ काढायचाच आहे तर तो यांचा छापील नको, माझा असू दे. शेपटीचा जाळ मी काळ्या रंगाने झाकला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडातून शिव्या. वॉचमनने डबा उचलला आणि दुसरीकडे जाऊन बसला. मग नाकाशी आले. जाळ पुढे म्हटल्यावर उजेड पुढून येणार, म्हणजे सगळ्या पुढच्या अंगाच्या सावल्या उलट्या पाडायला हव्या होत्या. तज्ज्ञांनी ते सांगितलं नव्हतं. त्यांना कुठे माहीत होतं? मी न करता ते चाललं असतं. पण मला वाईट रंगवता येत नाही, तसं मला कोणी शिकवलंच नाही. मी खिडकी न् खिडकी नव्याने उजळली. होडीची सावली फिरवली. आणि जाळ केशरी केला नाही. रागाच्या भरात हात असा चालला आणि जाळ असा पेटला, की शेवटी खाली उतरून पाहिलं तेव्हा मला त्या जाळाकडे बघवेना.

उद्घाटनाच्या दिवशी सरांनी कबूल केल्याप्रमाणे गाडी पाठवली. वारज्यापासून खराडीपर्यंत अख्खं शहर ओलांडायचं, आणि मी बाबांना एक शब्द सांगितला नाही. सांगावं असं प्रत्येक सिग्नलला वाटलं. पण त्यांनी इस्त्रीचा झब्बा घातला होता, आणि ऑपरेशनच्या डोळ्यावरचा काळा चष्मा सारखा सारखा नीट करत होते. मला वाटत होतं, जाळ बघून ते तिथेच, सगळ्यांच्या देखत, मला विचारतील की तुझी अक्कल कुठे गेली.

रिसेप्शनमध्ये उदबत्त्यांचा वास, नारळाचं पाणी सांडलेलं, पेढ्यांचे बॉक्स. सरांनी बाबांना वाकून नमस्कार केला. वास्तुतज्ज्ञही होते, कोशिंबिरीची बशी घेऊन. बाबांना लांबून सबंध भिंत दिसणं शक्यच नव्हतं. लांबून त्यांच्या नळीत जो तुकडा मावेल तेवढाच दिसणार. ते भिंतीजवळ गेले आणि शेपटीपासून चालायला लागले. सावकाश, हात पाठीमागे, चेहरा भिंतीशी. यान आणि ते, मधे कोणी नाही. मान वर करत, खाली आणत. मी बाजूने चालत होते.

'ही खिडकी मोठी झाली.' मग बऱ्याच वेळाने, 'दोऱ्यांना झोळ बरोबर आहे.' शाळेपाशी ते थांबले, नाक जवळजवळ टेकवलं, आणि चूक न काढता पुढे सरकले. सभागृहापाशी किंचित हसले. लोक बोलायचे थांबून त्यांच्याकडे बघायला लागले होते. मग ते नाकाशी आले.

बराच वेळ ते जाळाकडे बघत राहिले. वर ग्रहाकडे नजर नेली, परत जाळाकडे आणली. मग मागे सरकून खिडक्यांवरचा उजेड बघितला.

'जाळ पुढून का?'

तज्ज्ञांनी बशी खाली ठेवून तोंड उघडलं, आणि सरांनी त्यांचं मनगट धरलं. मी सरांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते.

'अच्छा,' बाबा म्हणाले. अगदी हळू. 'वेग कमी करतंय. पोचलं.'

ते माझ्याकडे वळले. म्हणजे मी जिथे असेन असं त्यांना वाटलं तिकडे. 'उतरवलंस तू त्यांना,' ते म्हणाले. 'मी जन्मभर नुसते निघालेलेच काढले गं. बाहेर काढले आणि सोडून दिले. पोचवायचं मला सुचलंच नाही.' आणि मग त्या सगळ्या लोकांसमोर त्यांनी चाचपत माझा हात शोधून धरला आणि म्हणाले, 'माझ्यापेक्षा चांगलं झालंय.'

माझ्या वडलांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. आणि ते त्या होकायंत्रवाल्याच्या जाळाचं होतं. मी उभी होते. काय करायला हवं होतं मी? ओरडून सांगायचं? सर टाळ्या वाजवायला लागले, मग सगळेच वाजवायला लागले. तज्ज्ञही.

पुढचं थोडक्यात. कंपनीच्या माहितीपत्रकात भिंतीचा फोटो आला, खाली इंग्रजीत लिहिलेलं, की आम्ही ग्राहकाला मुक्कामी पोचवतो. ती कल्पना सरांची, असं आत छापलं होतं. दोन-तीन वर्षांत ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने गिळली आणि ऑफिस बंगळूरला हललं. बंगळूर पुण्याच्या दक्षिणेलाच आहे, हे मला एकदा त्या तज्ज्ञांना भेटून सांगायचंय. जागा दुसऱ्या कोणी घेतली आणि भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या. यान आता त्या पट्ट्यांमागे आहे, की खरवडून टाकलं, मला माहीत नाही. विचारायला मी गेलेले नाही.

बाबांची नळी त्या वर्षीच बंद झाली. त्यानंतर त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. खंत मात्र त्यांना नाही. उलट ते पूर्वीपेक्षा जास्त बोलतात. घरी कोणीही आलं, माझे विद्यार्थी, गॅसवाला, लांबचे नातेवाईक, की विषय फिरून यानावर येतो. माणसं पोचली कशी, ते बाबा सांगतात. पुढचा जाळ, उलट पडलेल्या सावल्या, खिडक्यांतून ग्रहाकडे बघणारे लोक. त्या खिडक्यांत मी लोक काढलेच नव्हते. ते त्यांना दिसले.

आणि मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत असतो. सर, ते होकायंत्र, फोनवरची ती मुलगी, सगळे समोर येतात. हे सगळं बाबांच्या कानावर घालावं असं मला आजही वाटतं, अगदी आत्ता हे लिहितानाही. पण सांगितलं तर त्यांच्याजवळ काय उरेल? मग मी लाटणं आपटते आणि पुढची पोळी घेते.

परवा एक नवी विद्यार्थिनी आली होती. तिला सगळं सांगून झाल्यावर बाबांनी मला हाक मारली. म्हणाले, 'अगं, तुला हे सुचलं कसं, ते हिला सांग ना.'

मी पिठाचे हात पुसत दारात आले आणि म्हटलं, 'रागात सुचलं, बाबा. भयंकर राग आला होता मला.'

ते मनापासून हसले. मी थट्टा करतेय, असं त्यांना वाटलं.